रानातली सोयरीक

बटाट्यावरचा करपा डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतो, असं माझे वडील, अण्णा, म्हणतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे असल्या विधानांकडे जरा वरच्या अंगानं बघायची खोड मला लागलेली आहे. पण काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी मी त्यांच्यामागून बांधावरून चालले होते आणि ते मध्येच थबकले. धुई इतकी दाट, की दोन वावरांपलीकडचं काही दिसत नव्हतं. चार दिवस झड लागलेली. पाऊस जोराचा नाही, नुसती भुरभुर. अण्णांनी नाक वर केलं आणि म्हणाले, "आलाय."

मग मलाही आला तो वास. ओल्या गोणपाटाचा, कुजक्या पाल्याचा, थोडा मासळीकडे झुकणारा. वाकून एक पान उलटं केलं. काठाशी पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग आणि त्याच्या कडेनं पांढरी लव, चिमूटभर पीठ सांडल्यासारखी. तिसऱ्या दिवशी अर्धं वावर काळं पडलं. आठवडा व्हायच्या आत वरंब्यांवर नुसते देठ उभे होते.

बेणं देणाऱ्यानं 'ही जात करप्याला दाद देत नाही' असं सांगितलं होतं. अण्णा त्याला काही बोलले नाहीत. बांधावर बसून तंबाखू मळता मळता मलाच म्हणाले, "तुमच्या पुस्तकात काय म्हणत्यात ह्याला?"

तेव्हा मी काहीतरी पुस्तकी उत्तर देऊन वेळ मारून नेली होती. पण तो प्रश्न काही सुटला नाही. त्याच्यामागे मी पुढे बरीच भटकले, काही कागदांतून आणि काही खरोखरच पायांनी.

आमचं गाव सातगाव पठारावर आहे. पुणे-नाशिक रस्त्यानं मंचरच्या अलीकडे पेठ लागतं, तिथून आत. खरिपात पावसाच्या पाण्यावर बटाटा घेणारा हा भाग. आषाढात लागवड, गणपती-नवरात्राच्या सुमाराला काढणी. बेणं येतं पंजाबातून, जालंधरकडून, ट्रक भरभरून, आणि मंचरच्या बाजारात उतरतं. ते फोडी करून लावायचं आणि मग पुढचे दोन महिने आभाळाकडे बघत एम-पंचेचाळीस या बुरशीनाशकाचे फवारे मारत राहायचे. बटाट्याला जे हवं, थंडावा आणि ओल, तेच करप्यालाही हवं. एकाच ताटात जेवणारे दोघं.

पुस्तकं करप्याला 'फायटोप्थोरा इन्फेस्टन्स' म्हणतात. 'फायटोप्थोरा' म्हणजे ग्रीक भाषेत झाडाचा नाश करणारा. हे नाव १८७६ साली जर्मन शास्त्रज्ञ आंतोन डी बारी यांनी दिलं. सगळे त्याला बुरशी म्हणतात, मीही वर्गात पटकन तेच म्हणते, पण खरं तर तो बुरशीच्या कुळातला नाहीच. समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या भावकीतला तो. पाण्याशी त्याचं इतकं सख्य का, हे त्यावरून कळतं. गारवा असला की त्याच्या बीजुकांच्या पिशव्यांतून शेपटीवाले बारीक जीव बाहेर पडतात आणि पानावरच्या दवाच्या थेंबात चक्क पोहतात. पान काही तास ओलं राहिलं की त्यांचं काम झालं.

आयर्लंडची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगते. १८४५ साली करपा तिथं पोचला. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. जमीनदारी, जमिनीचा खंड, धान्याची निर्यात ही कारणं होतीच. ती सोडून नुसत्या रोगावर खापर फोडणं हा इतिहासाला दिलेला चकवा आहे. पण शेतातलं कारण हे, की गरिबांच्या वावरांत बहुतेक एकच जात होती, 'लंपर'. आणि बटाट्याची एक जात म्हणजे अक्षरशः एक झाड. बटाटा आपण बियांपासून लावत नाही, त्याच्याच डोळ्यांपासून लावतो. हजार एकरांतलं प्रत्येक रोप म्हणजे तेच ते पहिलं झाड, पुन्हा पुन्हा उगवलेलं. एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं.

आपल्याकडे करपा आला तो १८७० ते १८८० च्या दरम्यान, निलगिरीत, युरोपातून आणलेल्या बटाट्यांबरोबर. बटाटा हा शब्दही आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. उत्तरेनं 'आलू' म्हटलं, आपण 'बताता'चा बटाटा केला.

इथं एक सांगते, थोडं विषयाबाहेर. शेतकरी बियाण्याला 'जात' म्हणतो. "कुठली जात लावली?" हा आमच्याकडे रोजचा प्रश्न. तोच शब्द गावात दुसऱ्या अर्थानंही रोज चालतो. जात शुद्ध ठेवायची, बाहेर सोयरीक करायची नाही, या नियमाचं निसर्गात काय होतं ते बघायचं असेल तर बटाट्याचं वावर बघावं. हे मी एकदा स्टाफरूममध्ये बोलले, तर दोन जण हसले आणि तिसऱ्यानं चहाचा कप उचलून जागा बदलली.

तर बाहेरची सोयरीक. त्यासाठी आधी बटाट्याला फूल यावं लागतं, फळ धरावं लागतं. आमच्या पठारावर फुलं दिसतात, पण बहुतेक वेळा कळ्याच गळून पडतात. अण्णांनी साठ वर्षं बटाटा केला. बटाट्याला फळ लागतं हे त्यांना ऐकूनच ठाऊक होतं. मैदानी भागात रब्बीच्या लहान दिवसांत तर फळाचं नावच नको. बटाट्याला फुलायला लांब दिवस आणि थंड हवा लागते. म्हणूनच भारतातल्या जवळपास सगळ्या बटाट्यांचं आडनाव एकच आहे: कुफरी. कुफरी ज्योती, कुफरी पुखराज, कुफरी चंद्रमुखी, कुफरी बादशाह.

कुफरी हे शिमल्याच्या पुढचं, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरचं ठिकाण. पर्यटक तिथं घोड्यावर बसून फोटो काढतात. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ साली शिमल्याला हलली, आणि संकराचं काम या कुफरीच्या शेतांवर होऊ लागलं. देशभरासाठीच्या बटाट्यांची लग्नं लागतात ती इथं, म्हणून जन्मगावाचं नाव पोरांच्या नावापुढे कायमचं चिकटलं. त्यातल्या एका जातीचं नाव वाचून मी मोठ्यानं हसले होते: 'कुफरी लवकर'. १९७२ साली आलेली, पठारी प्रदेशासाठीची, लवकर पोसणारी जात. हिमाचलातल्या आडनावापुढे आपलं मराठी क्रियाविशेषण. राजगुरुनगरात, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्या संस्थेचं केंद्र होतं. लवकर तिथूनच चढून वर गेला असणार, असं मी आपलं मनाशी धरून चालले आहे.

मी कुफरीला गेले ती जुलैत, विद्यार्थ्यांना घेऊन. बटाट्याचं वावर इतकं फुललेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पांढरी, जांभळी, मध्ये पिवळाधमक केसरांचा सुळका. एक संशोधक बाई गुडघ्यांवर बसून काम करत होत्या. उमलायच्या बेतातली कळी चिमट्यानं अलगद उघडायची, आतले पाच पुंकेसर एकेक करून काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग कुपीतून बोटावर घेऊन स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचे, देठाला चिठ्ठी बांधायची. पुढची कळी. त्यांच्या टोपीवर पाऊस टपटपत होता. दिवसाला किती होतात, असं एका मुलीनं विचारलं. त्या म्हणाल्या, होतात तेवढे होतात, धरतात किती ते विचार.

धरलं तर महिना-दीड महिन्यात हिरवं, गोटीएवढं फळ तयार होतं, कच्च्या टोमॅटोसारखं. खायचं नाही, विषारी असतं. आत शंभर-दोनशे बारीक बिया. आणि इथं गंमत सुरू होते. प्रत्येक बी वेगळी. एकाच फळातल्या दोन बिया लावा, एकीचे बटाटे लाल लांबोडके येतील, दुसरीचे पांढरे गोल, तिसरीचे येणारच नाहीत. आंब्याच्या कोयीसारखं. हापूसच्या कोयीतून हापूस निघत नाही, म्हणून आपण कलम करतो. बटाट्याचं बेणं हे तसंच कलम समजा.

आता नवरा कुठून आणायचा? घरातल्याच जाती एकमेकींना देऊन फार काही निघत नाही, कारण सगळ्यांचं रक्त एकाच विहिरीतलं. करप्याशी झगडायची सवय कोणाला असेल? जो त्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिला त्याला. बटाट्याची शंभराहून जास्त रानटी भावंडं अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागापासून थेट चिलीपर्यंत डोंगरांत वाढतात. त्यातली मेक्सिकोतली काही या बाबतीत विशेष चिवट आहेत. 'सोलॅनम डेमिसम' हे त्यातलं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं नाव.

याची सुरुवात करणाऱ्यांतले एक रेडक्लिफ सॅलामन हे लंडनचे डॉक्टर. १९०३ साली त्यांना क्षय झाला. दवाखान्यातलं काम सोडून ते खेड्यात राहायला गेले आणि वेळ घालवायला काहीतरी उद्योग शोधू लागले. अनुवंशशास्त्र तेव्हा नवंनवं होतं. त्यांनी माळ्याला विचारलं, कोणत्या झाडावर प्रयोग करू? माळी म्हणाला बटाट्यावर करा, कारण बटाट्यातलं माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. डॉक्टरसाहेबांनी माळ्याचं ऐकलं. पुढे त्यांनी क्यूच्या वनस्पती उद्यानातून एक रानटी जात मागवली, तिथून चुकून दुसरीच आली, आणि त्या चुकीच्या झाडाच्या रोपांपैकी काही करप्यातून वाचली. तिथून ते डेमिसमकडे वळले. ही कथा मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा माळ्याचा भाग जरा रंगवून सांगते. अण्णांना सांगितली तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

डेमिसममधून पुढे अकरा प्रतिकारक जनुकं ओळखली गेली. त्यांची कामाची तऱ्हा बघण्यासारखी आहे. करपा पेशीत शिरला की तो तिथं आपली काही प्रथिनं सोडतो, घरच्यांना गुंगी देण्यासाठी. प्रतिकारक जनुक म्हणजे दारावरचा राखणदार. त्यातलं एक विशिष्ट प्रथिन तो ओळखतो आणि ओळख पटली की ती पेशी स्वतःला मारून टाकते. पानावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका उरतो आणि करपा तिथंच अडकून मरतो. झाड वाचतं.

पण राखणदाराला एकच चेहरा ठाऊक. करप्यानं ते एक प्रथिन बदललं किंवा टाकून दिलं, की तो समोरून निघून गेला तरी याला पत्ता नाही. एकेका जनुकाच्या भरवशावर काढलेल्या जाती एकामागून एक पडल्या. कुफरी ज्योती १९६८ साली आली तेव्हा करप्याला तोंड देणारी म्हणून तिचं कौतुक झालं. तिच्यातही हे डेमिसमचं रक्त आहे. आज आमच्या पठारावर ज्योती लावणाऱ्याला कोणी विचारलं की फवारा लागतो का, तर तो विचारणाऱ्याकडेच बघत राहील. म्हणजे बेणेवाला पूर्ण खोटं बोलत नव्हता. फक्त पन्नास वर्षं जुनं खरं सांगत होता.

मेक्सिकोतलं तोलुकाचं खोरं हे करप्याचं एक मूळ घर. जॉन नीदरहाउझर हे अमेरिकी शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं गेले आणि आपल्याला वाटतं तसं औषध शोधत न बसता जगभरचे बटाटे आणून त्या खोऱ्यात लावू लागले. तिथं जो टिकेल तो कुठंही टिकेल, हा साधा हिशोब. करप्याचे दोन वंश असतात, एकमेकांना नर-मादीसारखे. तोलुकात दोन्ही नांदतात, म्हणून तिथला करपा दर पिढीला नवे चेहरे घेऊन येतो. बाकी जगात खूप काळ त्यातला एकच होता. १९७० च्या दशकानंतर दुसराही बाहेर पडला. २०१० च्या आसपास दक्षिण भारतात टोमॅटोचे मळे करप्यानं झोपवले तेव्हा असाच एक नवा वंश सापडला. आपण सोयरिकीला पन्नास वर्षं घेतो आणि समोरच्याच्या घरी दर पावसाळ्यात लग्नं.

पन्नास हा आकडा मी उगाच फेकलेला नाही.

मेक्सिकोतलंच आणखी एक रानटी झाड आहे, 'सोलॅनम बल्बोकॅस्टॅनम'. साधी, न चिरलेली पानं. बटाट्याच्या कुळातलं वाटतच नाही. करप्याच्या इतक्या तऱ्हांना ते पुरून उरतं की सगळ्यांचा जीव त्यावर जडला. अडचण एवढीच, की ते बटाट्याशी लग्न करत नाही. बटाट्याच्या पेशीत गुणसूत्रं अठ्ठेचाळीस, याच्या चोवीस. नुसता आकड्यांचा प्रश्न असता तर निभावलं असतं. पण बीजात गर्भाला पोसणारा जो पिठूळ गर असतो, त्यात आईकडचं आणि बापाकडचं माप ठराविक जुळावं लागतं. इथं ते जुळत नाही. फूल धरतं, बी भरायला लागतं आणि पोसणाराच नाही म्हणून आतला गर्भ उपाशी मरतो.

अशा वेळी आपल्याकडे काय करतात? मध्यस्थ गाठतात. दोन्ही घरांत ज्याचं येणंजाणं आहे असा. हॉलंडमध्ये वागेनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी, हर्मसेन आणि रामण्णा यांनी, नेमकं तेच केलं. अँडीजच्या थंडीत जमिनीला चिकटून वाढणारा 'सोलॅनम अकॉले' हा पहिला मध्यस्थ. त्याचा बल्बोकॅस्टॅनमशी संकर झाला, पण पोर वांझ निघालं, कारण गुणसूत्रांच्या जोड्या लागेनात. तेव्हा त्याची गुणसूत्रं दुप्पट केली. हे काम कोल्चिसिन नावाच्या द्रव्यानं करतात. आमच्या बांधाच्या कुपाटीत पावसाळ्यात जी कळलावी फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी, तिच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं. घराच्या आढ्यावर ठेवली तर घरात भांडणं लावते म्हणून तिला कळलावी म्हणतात, आणि इथं मात्र तिच्यातलं विष मोडलेलं लग्न लावायच्या कामी येतं. असो. मग दुसरा मध्यस्थ आला, 'सोलॅनम फुरेजा', दक्षिण अमेरिकेतला एक जुना, लागवडीतला लहान बटाटा. त्याच्याशी संकर. आणि त्यानंतर कुठं आपल्या ओळखीच्या बटाट्याशी गाठ पडली. चार घरांचं रक्त एका झाडात.

ते झाड अर्थातच खायच्या लायकीचं नव्हतं. रानटी भावंडांचे बटाटे बोराएवढे, कडू, मुळांसारख्या लांब दोऱ्यांवर इकडे-तिकडे विखुरलेले. म्हणून मग त्या पोराला पुन्हा चांगल्या बटाट्याशी, त्याच्या पोरांना पुन्हा चांगल्या बटाट्याशी, असं पिढ्यान्‌पिढ्या द्यायचं आणि दरवेळी हजारो रोपांतून ज्यात तो प्रतिकार शिल्लक आहे पण रानटीपणा थोडा उतरला आहे असं शोधत राहायचं. पहिला संकर १९५९ साली झाला. त्यातून 'बियोनिका' आणि 'तोलुका' या जाती शेतकऱ्याच्या हातात पडायला एकविसावं शतक उजाडलं. सेहेचाळीस वर्षं. ज्यांनी पहिल्या कळीतले केसर काढले, त्यांची निवृत्तीसुद्धा जुनी झाली असेल. आणि इतकं करून त्या जातींत उतरलेलं महत्त्वाचं जनुक एकच आहे. म्हणजे राखणदार पुन्हा एकटाच.

मधल्या काळात इतरांनी घाई केली, आणि मला त्यांचा राग येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये जॉन हेल्गेसन यांनी फुलांचा नादच सोडला. दोन्ही झाडांच्या पेशींची भिंत उतरवून त्या एकमेकींत मिसळल्या. २००३ साली बल्बोकॅस्टॅनममधलं जनुकच वेगळं काढता आलं. ते जनुक शिमल्यालाही आलं, ज्योतीत घालून तपासलं गेलं. ते वावरापर्यंत न येण्याची कारणं प्रयोगशाळेच्या बाहेरची आहेत. जनुकबदल म्हटलं की आपल्याकडे दोन्ही बाजूंनी आवाज चढतो आणि त्यात करपा सोडून सगळ्यावर बोलणं होतं. माझं मत विचाराल तर बटाट्याचं जनुक बटाट्यात घालण्याला माझी हरकत नाही. हेच काम कळलावीच्या विषानं आणि पन्नास वर्षांनी केलं तर सोवळं, आणि एक जनुक उचलून केलं तर ओवळं, हे मला पटत नाही.

अर्थात सोवळ्यातल्या सोयरिकीतूनही काय घरात येईल, सांगता येत नाही. अमेरिकेत १९६७ साली 'लेनापे' नावाचा बटाटा आला. त्याच्या पूर्वजांत 'चाकोएन्से' हा रानटी बटाटा होता. चिप्ससाठी असा बटाटा नाही, असं सगळे म्हणाले. तळला की सोनेरी. मग कॅनडात कोणीतरी तपासलं तर त्यात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं भलतीच जास्त. काही जणांना खाऊन मळमळलं होतं. तीन वर्षांत, १९७० साली, तो मागे घेतला. पण तो गेला नाही. त्याचा पुढे संकर करून 'अटलांटिक' नावाची जात काढली, विषाचं माप जागेवर आणून, आणि ती जगभर चिप्ससाठी चालली, भारतातही आली. म्हणजे बदनाम झालेल्या लेनापेचं पोर पुडीत बसून आपल्या घरापर्यंत येऊन गेलेलं असणार.

ही सगळी रानटी मंडळी कुठंतरी जपून ठेवावी लागतात, नाहीतर सोयरीक करायला उद्या कोण उरणार? रशियाच्या निकोलाय वाविलोव्ह यांना हे सर्वांच्या आधी कळलं. त्यांच्या माणसांनी १९२० च्या दशकापासून दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून बटाटे गोळा केले. स्वतः वाविलोव्ह १९४० साली पकडले गेले आणि १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात मेले. त्याच काळात लेनिनग्राडला वेढा पडला होता. शहराबाहेरच्या पाव्हलोव्हस्कच्या शेतातून तोफांच्या माऱ्यात बटाटे उपटून शहरात आणले गेले आणि संस्थेच्या तळघरात ठेवले. हिवाळ्यात ते गोठू नयेत म्हणून ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया आणि वादिम लेखनोविच हे दोघं, मिळेल ते जाळून, तिथं ऊब धरून राहिले. बाहेर लोक चामड्याचे पट्टे उकळून खात होते. संस्थेतली काही माणसं उपासमारीनं गेली. बटाटे तसेच राहिले.

हे मी अण्णांना एका संध्याकाळी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बहात्तरला आपण बेणं खाल्लं होतं." मला हे माहीत नव्हतं. दुष्काळी कामावर खडी फोडणं, सुकडी, लाल मिलो, हे सगळं घरात अनेकदा ऐकलेलं. बेण्याचं कधीच कोणी सांगितलं नव्हतं. "आजीनं रात्री उकडलं. दिवा बारीक करून. दोन पायलीभर असेल. दुसऱ्या साली मंग बेणं उसनं आणलं." कुफरी लवकर ज्या वर्षी जन्मली त्याच वर्षीची गोष्ट.

मग त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "एवढं समदं सायबाला म्हाईत हाय, तर आपल्या पठारावर का न्हाई येत?"

याचं उत्तर मात्र वनस्पतिशास्त्रात नाही. करप्याला बऱ्यापैकी तोंड देणाऱ्या जाती शिमल्यानं काढल्या आहेत. २००६ ची हिमालिनी, २००८ ची गिरधारी. पण त्या डोंगरांसाठी काढलेल्या. आणि बेण्याचं गणित वेगळंच चालतं. जालंधरचा माणूस तेच बेणं वाढवतो जे मंचरला खपतं. मंचरचा आडतदार तेच मागतो जे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला ओळखीचं. चिप्सवाला स्वतःचंच बेणं देतो आणि आतली साखर, आकार, गोलाई मोजून घेतो. करपा कोणाच्याच यादीत नाही, कारण त्याचा खर्च या साखळीत एकटा शेतकरी भरतो, फवाऱ्यांच्या रूपानं. नवी जात चांगली असूनही आडतीवर पहिल्या दिवशी तिचा भाव पाडला जातो, 'हे काय आणलंस' म्हणून. अण्णांनी एकदा एक नवं वाण लावून हे भोगलेलं आहे, त्यामुळे मला फार समजावून सांगावं लागलं नाही.

हॉलंडमधल्या काही लोकांनी दुसरा रस्ता धरला आहे. बटाट्याची गुणसूत्रं अठ्ठेचाळीसवरून चोवीसवर आणायची, मक्यासारखे सरळ, बी लावूनही एकसारखे येणारे वाण तयार करायचे आणि शेतकऱ्याला बेण्याऐवजी खरं बी द्यायचं. गंमत म्हणजे, बटाट्याला स्वतःच्याच परागानं फळ धरायला लावणारं जनुक त्यांना मिळालं ते त्याच चाकोएन्सेतून. हेक्टरी अडीच टन बेण्याच्या जागी पंचवीस ग्रॅम बी पुरेल, असा त्यांचा हिशोब आहे. चार घरचे मध्यस्थ गाठायची गरजही मग कमी, प्रतिकाराची दोन-तीन जनुकं काही वर्षांत एकत्र घालता येतील. जालंधरहून येणाऱ्या ट्रकचं भाडं आठवून अण्णांनी पंचवीस ग्रॅम हा आकडा मला दोनदा सांगायला लावला.

गेल्याच्या गेल्या वर्षी भाद्रपदात त्यांचा फोन आला. "आगं, बटाट्याला टमाटं लागलंय." ज्योतीच्या एका वरंब्यावर तीन फळं धरली होती. मी सांगितलं, हात लावू नका, पिकू द्या. त्यांनी भोवती काट्या रोवल्या आणि शेळीपासून राखली. पुढच्या सुट्टीत जाऊन मी फळं चिरली, बिया धुतल्या, वर्तमानपत्रावर वाळवल्या. उन्हाळ्यात शेणखताच्या ट्रेमध्ये टाकल्या. बेचाळीस रोपं आली, केसांइतकी बारीक. आषाढात ती वावराच्या कडेला एका सरीत लावली आणि त्या सरीवर फवारा मारायचा नाही, असं ठरलं. शेजारचे लोक येऊन बघून जायचे. म्हातारा मुलीच्या नादी लागला, असा एकूण सूर.

ही काही रानटी सोयरीक नव्हती. ज्योतीचं ज्योतीशीच लागलेलं. पण तिच्या पोटात डेमिसमचं जुनं काहीतरी आहे, ते कुठल्या बीत कसं पडतं, एवढंच बघायचं होतं.

श्रावणात झड लागली. अण्णांनी रोज सकाळी जाऊन काड्यांच्या खुणा केल्या. करपलं की काडी उपटायची. पहिल्या चार दिवसांत तीस गेल्या. मग एकेक करत बाकीच्या. सोळा नंबरचं रोप शेवटपर्यंत हिरवं होतं. मी मनातल्या मनात त्याला नावही ठेवलं होतं, ते इथं सांगत नाही. नंतर त्याच्याही पानाखाली पांढरी लव दिसली.

"गेलं ना," मी फोनवर म्हटलं.

"गेलं. पर आठ दिस उशिरा." आणि मग, "आठ दिस म्हंजे एक फवारा. आन्‌ आठ दिसात बटाटा बोराचा लिंबाएवढा व्हतो."

काढणीला त्या बुडाखाली अकरा बटाटे निघाले. वाकडेतिकडे, खोल डोळ्यांचे, एका बाजूनं जांभळी झाक मारणारे. आडतीवर कोणी उचलून बघणार नाही असे. मी सोलॅनिनचं बोलले, चव घेऊ नका म्हटलं. ते म्हणाले, खातोय कोण. बाकी बटाटे आरणीत, साठवणीच्या ढिगात, गेले, हे अकरा त्यांनी एका पाटीत राख घालून स्वतःच्या खाटेखाली ठेवले आहेत. परवा घरी गेले तेव्हा बघितलं, दोघांना मोड फुटायला लागलेत. आषाढाला अजून अवकाश आहे. इतक्या लवकर मोड आले तर लावायचे कसे, हे त्यांनी मला विचारलं, आणि मी अजून शोधते आहे.